नीतिसूत्रांतलं रोजच्या जगण्यात नेमकं काय कामाला येतं?

तुम्ही विचारलंय की ख्रिस्ती माणसानं बायबलमधलं नीतिसूत्रे हे पुस्तक वाचून रोजच्या व्यवहारात काय करायचं, तर मी माझंच सांगतो. ३१ अध्याय आहेत, तारखेप्रमाणं रोज एक वाचायचा, महिन्यात पुस्तक होतंय.

मला सगळ्यात जास्त लागलं ते ६ व्या अध्यायाच्या सुरवातीचं, जामीन राहण्याबद्दलचं. आमच्या बेळगावात सोसायटीच्या लोनला सही मागायला कोण आलं तर नाही म्हणायला जीभ रेटत नाही, त्यात चर्चमधलाच माणूस असला तर विचारूच नका, मी पण केली सही आणि त्यानं हप्ते थांबवल्यावर नोटीस माझ्या घरात आली. त्या अध्यायात लिहिलंय की जामीन राहून शब्दात अडकला असशील तर झोपू नको, जा, विनवणी कर आणि स्वतःला सोडवून घे. मी खानापूरला त्याच्या घरी तीन चकरा मारल्या, भांडलो नाही, शेवटी त्यानं दुसरा जामीनदार दिला. मदत करायचीच तर झेपतील तेवढे पैसे हातात द्या, सही नको, असं माझं मत झालंय.

दुसरं १५:१, म्हणजे १५ व्या अध्यायाचं पहिलं वचन, सौम्य उत्तरानं राग शांत होतो. आमच्याकडं मराठी-कन्नडवरनं बसमध्ये सुद्धा आवाज चढतात, तेव्हा मी मोडक्या कन्नडात 'स्वल्प निधान हेळ्री अण्णा', म्हणजे जरा सावकाश सांगा दादा, म्हणतो, बहुतेक वेळा समोरचा पण आवाज खाली आणतो.

११:१ खोट्या तराजूचं आहे, देवाला त्याचा वीट येतो म्हटलंय, दुकानदारांनी तर गल्ल्यावरच चिकटवावं. आणि २६:४ आणि ५ शेजारी ठेवून वाचा, एकात मूर्खाला उत्तर देऊ नको म्हटलंय, दुसऱ्यात दे म्हटलंय, कुठलं कधी ते प्रार्थना करून ठरवायचं.