संशोधन म्हणजे दुरुस्ती? शोध, संशोधन आणि आविष्काराचा घोळ

डिचोलीच्या एका ताईंचा प्रश्न आलाय, सोबत फोटोपण. मुलाने शाळेच्या विज्ञान दिनासाठी तक्ता केला, वर मथळा ठोकला 'गणित, भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी आणि वैद्यक यांतलं संशोधन'. शाळेतल्या हिंदीच्या सरांनी 'संशोधन'वर काट मारून 'शोध' केलं, कारण म्हणे संशोधन म्हणजे दुरुस्ती, अमेंडमेंट. मुलगा रडकुंडीला आला, अख्खा कार्डशीट परत करायचा म्हणून. ताई विचारतात, रिसर्चला मराठीत शोध म्हणायचं का संशोधन, आणि आविष्कार मग कुठे वापरायचा?

निकाल आधी सांगून टाकतो, पाल्हाळ नंतर. मुलाचं बरोबर आहे. सरांचंही चुकीचं नाही, फक्त ते हिंदीत बरोबर आहेत आणि तक्ता मराठीत आहे. हिंदीत 'संविधान संशोधन' म्हणजे आपली घटनादुरुस्ती, आणि रिसर्चला तिकडे 'शोध' म्हणतात, त्यातूनच शोधार्थी, शोधपत्र वगैरे. आपल्याकडे रिसर्च म्हणजे संशोधन, करणारा संशोधक, आणि शोध म्हणजे त्यातून हाती लागतं ते. गोव्यात हा घोळ जरा जास्तच होतो, कारण एकाच दप्तरात मराठी, हिंदी आणि कोकणी तिन्ही, आणि तिन्ही देवनागरीत, त्यामुळे शब्द कुठल्या दारातून आत आला ते कळतच नाही. बरं प्रबंध म्हणजे आपल्याकडे पीएचडीचा ग्रंथ आणि हिंदीत प्रबंधक म्हणजे बँकेचा मॅनेजर, तेव्हा सरांना एकट्याला दोष देऊन उपयोग नाही.

आता 'शोध' हा शब्द जरा जवळून बघा. आमच्या घरी आई कोकणीत म्हणायची, 'चावी सोद मरे', तो सोद आणि आपला शोध एकच. पण मराठीत शोध एकटा फारसं बोलत नाही, मागचं क्रियापद सगळं ठरवतं. शोध घेणे म्हणजे अजून सापडलेलं नाही. शोध लागणे म्हणजे सापडलं, आणि शोध लावणे म्हणजे कोणीतरी मागे लागून सापडवलं. पेपरात येतं ना, 'बेपत्ता मच्छीमारांचा शोध सुरू', तिथे 'बेपत्ता मच्छीमारांचे संशोधन सुरू' लिहून बघा म्हणजे फरक लगेच कळेल.

लागणे आणि लावणे यातली गंमत तर मला फार आवडते. रोंटगेन १८९५ च्या नोव्हेंबरात बंद नळीतून वीज सोडून भलताच प्रयोग करत होता आणि जवळचा रसायन लावलेला पडदा आपोआप चमकायला लागला, तो क्ष-किरणांच्या शोधात नव्हताच, तर त्याला शोध लागला. (पुढे काही आठवडे तो त्याच खोलीत ठाण मांडून बसला ती गोष्ट वेगळी.) उलट ज्यांच्यामुळे २८ फेब्रुवारीला आपण विज्ञान दिन करतो ते रामन १९२१ मध्ये बोटीने येताना भूमध्य समुद्र इतका निळा का म्हणून अडून बसले, आभाळाचं प्रतिबिंब म्हणून निळा हे उत्तर त्यांना पटेना. मिरामारच्या किनाऱ्यावर उभं राहून हा प्रश्न आपल्यालापण पडू शकतो, पण आपण भेळ खाऊन घरी येतो. रामन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सात वर्षं प्रकाश कसा विखुरतो ते वेगवेगळ्या द्रवांतून बघितलं, तेव्हा १९२८ मध्ये रामन परिणाम मिळाला, म्हणजे विखुरताना थोड्याशा प्रकाशाचा रंगच बदलतो तो. तिथे 'शोध लावला'च पाहिजे, 'लागला' म्हटलं तर त्या सात वर्षांचा अपमान. एका अक्षरात एवढा फरक करणारी सोय हाताशी असताना आपण सगळीकडे 'शोध केला' असं कसंतरीच का लिहायला लागलोय कळत नाही.

मग संशोधन कुठून आलं? मूळ धातू शुध्, म्हणजे शुद्ध करणे, स्वच्छ करणे. शिरोड्याच्या आयुर्वेद कॉलेजातल्या कुठल्याही मुलाला 'शोधन' विचारा, तो रिसर्च म्हणणार नाही, तो बचनाग सांगेल. बचनाग विषारी, तो गोमूत्रात भिजवून वगैरे त्याचं विष कमी करायचं आणि मगच औषधात घालायचा, त्याला शोधन म्हणतात. तेव्हा हिंदीवाल्यांचा दुरुस्तीचा अर्थ हवेतून आलेला नाही, चूक काढून शुद्ध करणं हाच मुळातला अर्थ. आपण त्याच्यापुढे एक पाऊल गेलो, कचरा काढत काढत खरं काय ते वर आणणं म्हणजे संशोधन. माझा अंदाज असा की मराठीत हा अर्थ रुळवण्यात इतिहासवाल्यांचा हात मोठा, राजवाड्यांनी १९१० मध्ये पुण्यात मंडळ काढलं त्याचं नावच भारत इतिहास संशोधक मंडळ. जुनी कागदपत्रं आणायची, नकला ताडून बघायच्या, खोटं बाजूला काढायचं, हे शोधनच झालं की.

आणि हे दोन्ही अर्थ एकाच माणसात बघायचे तर लांब जायला नको, आपले दामोदर धर्मानंद कोसंबी. पणजीत त्यांच्या नावाने विचार महोत्सव होतो, व्याख्यानांना हॉल भरतो, पण ते मूळचे गणिती हे किती जणांना ठाऊक असतं देव जाणे. १९४३ मध्ये त्यांनी एक निबंध लिहिला, त्यातली कल्पना साधारण अशी की एखादी बेभरवशाने हेलकावणारी गोष्ट, समजा मांडवीच्या पाण्याची पातळी, तिचे एकमेकांत न मिसळणारे सुटे साधे भाग कसे पाडायचे. तेच पुढे कार्हुनेन आणि लोएव यांनी स्वतंत्रपणे मांडलं आणि जगात बहुतेक ठिकाणी त्या दोघांच्याच नावाने चालतं, कोसंबींचं नाव जोडणारे थोडेच. शिवाय गुणसूत्रावर दोन जनुकं किती अंतरावर आहेत ते मोजायचं त्यांचं सूत्र आनुवंशिकीवाले आजपण वापरतात. आणि हाच माणूस १९४८ मध्ये भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढतो, शेकडो हस्तलिखितं जमवून, पाठभेद ताडून, मागाहून कोणी घुसडलेले श्लोक वेगळे काढून. पहिलं काम म्हणजे रिसर्च आणि दुसरं म्हणजे अक्षरशः शुद्धीकरण, दोन्हीला मराठीत एकच शब्द, संशोधन. आता ही शब्दाची गरिबी म्हणायची का श्रीमंती ते ज्याचं त्याने ठरवा, मला तरी श्रीमंती वाटते. जाता जाता, गणितात शोध सहसा 'लावत' नाहीत, प्रमेय मांडतात आणि सिद्ध करतात, हेपण तक्त्यासाठी लक्षात ठेवा.

वैद्यकातलं उदाहरण याहून नेमकं आहे. फ्लेमिंग १९२८ च्या सप्टेंबरात सुट्टीवरून लंडनच्या प्रयोगशाळेत परतला, बघतो तर एका बशीत बुरशी आलेली आणि तिच्या भोवतीचे जंतू विरघळलेले. शोध लागला. पण त्या बुरशीच्या रसातून पेनिसिलिन हे औषध वेगळं काढणं त्याला जमलं नाही. ते ऑक्सफर्डला फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी केलं, दहा-अकरा वर्षांनी, आणि त्यांनी जे केलं ते शब्दशः शोधन, रस गाळायचा, आम्ल घालायचं, थंड ठेवायचं, पुन्हा गाळायचा, शेवटी चिमूटभर पूड. १९४१ च्या फेब्रुवारीत उपचार म्हणून ती पहिल्यांदा एका अत्यवस्थ पोलीस शिपायाला दिली, तो सुधारायला लागला, पण पुरवठा एवढा तुटपुंजा की त्याच्या लघवीतून बाहेर पडलेलं पेनिसिलिनसुद्धा परत वेगळं काढून त्यालाच टोचलं. तरी पुरलं नाही आणि तो गेला. १९४५ चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळालं, गाळायची युक्ती ज्याची त्या हीटलीला नाही. म्हणजे शोध एका सकाळी लागला, संशोधनाला कित्येक वर्षं लागली, आणि शोध हाच शब्द दोन्हीला वापरला तर ही सगळी गोष्ट सांगायचीच राहते.

वैद्यकावरून आठवलं, शोध आणि शोथ एक नाहीत हो. शोथ म्हणजे सूज, यकृतशोथ म्हणजे यकृताला आलेली सूज. एका दवाखान्यात मी चक्क 'यकृतशोध' छापलेला बोर्ड वाचलाय. डॉक्टरांना यकृत सापडत नव्हतं की काय.

आता आविष्कार. हिंदीत आविष्कार म्हणजे इन्व्हेन्शन, कोणी नवं यंत्र काढलं की आविष्कार. मराठीत आविष्कार म्हणजे आत असलेलं बाहेर प्रकट होणं, कलाविष्कार, पावसाचा रौद्र आविष्कार. म्हणून 'नव्या ग्रहाचा आविष्कार केला' असलं काही वाचलं की मला तो शास्त्रज्ञ ग्रह घडवत बसलेला दिसतो. पण इथे फार सोवळं नको, महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेचं नावच आविष्कार आहे, आणि झाकलेलं उघड करणं हा त्याचा मूळ अर्थ शास्त्राला शोभतोसुद्धा. मी स्वतः वापरत नाही एवढंच.

अनुसंधानचंही तसंच. वास्कोला ध्रुवीय संशोधन केंद्र आहे ना, अंटार्क्टिकाच्या मोहिमा बघणारं, त्याच्या हिंदी नावात 'अनुसंधान' आहे, पण मराठीत अनुसंधान म्हटलं की डोळ्यांपुढे जपमाळ येते, नामाचं अनुसंधान. आणि केंद्र सरकारने २०२३ मध्ये कायदा करून जी संस्था काढली, अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, तिच्या नावात अनुसंधानपण आहे आणि रिसर्चपण, म्हणजे मराठीत सरळ उतरवलं तर 'संशोधन राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान'!

राहिली अभियांत्रिकी, आणि तिथे मात्र सरांना अर्धे मार्क द्यावेच लागतात. १७६३ च्या सुमाराला ग्लासगो विद्यापीठातलं न्यूकोमेनच्या वाफेच्या इंजिनाचं एक छोटं मॉडेल जेम्स वॉटकडे आलं, कशाला, तर दुरुस्तीला. वॉट तिथला उपकरणं नीट करणारा कारागीर. त्याच्या लक्षात आलं की वाफेचं पाणी करायला दरवेळी सगळा सिलिंडरच थंड करतात आणि मग तोच परत तापवण्यात बरीचशी वाफ फुकट जाते. १७६५ मध्ये त्याला सुचलं, वाफ थंड करायला बाजूला वेगळं भांडं ठेवा आणि सिलिंडर कायम गरम राहू दे. १७६९ ला पेटंट. म्हणजे दुरुस्तीला आलेल्या वस्तूतून संशोधन, हिंदी अर्थानेही आणि मराठी अर्थानेही!

तर ताई, नवा कार्डशीट आणू नका, काट मारलीय तिथे पांढरी पट्टी चिकटवून 'संशोधन' परत लिहा आणि सरांना सांगा हिंदीचा तक्ता करू तेव्हा नक्की 'शोध' लिहू. पण तुम्ही पाठवलेल्या फोटोत खाली डाव्या कोपऱ्यात वॉटचं चित्र आहे आणि त्याखाली 'वाफेच्या इंजिनाचा शोध लावला' असं लिहिलंय, न्यूकोमेनचं इंजिन १७१२ पासून खाणीतलं पाणी उपसत होतं. ते सरांनी खोडलेलं नाही. ते खोडा.