रात्री मैदान, दिवसा घाट: रेल्वेने देश पाहणाऱ्यांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : पंधरा दिवसांची सुट्टी आहे. दिब्रुगड-कन्याकुमारी विवेक एक्स्प्रेसमध्ये सलग बसलो तर अख्खा देश दिसेल का? (धरमपेठ)

नाही. ही गाडी चार हजारांहून जास्त किलोमीटर धावते, पण त्यातल्या तीन रात्री काचेत आपलाच चेहरा दिसतो. गाडीचं नाव बघून तिकीट काढू नका. आधी पाहायचा पट्टा ठरवा. त्याच्या दोन टोकांच्या स्टेशनांवर गाडी किती वाजता असते ते वेळापत्रकात बघा आणि तिथल्या सूर्योदय-सूर्यास्ताशी ताडून घ्या. डिसेंबरात नागपूरला साडेपाचला मावळतं, गुवाहाटीला साडेचारच्या सुमारास. ईशान्येकडे म्हणूनच दुपारनंतरचा घाट हमखास हुकतो.

मैदानी भाग रात्री झोपेत काढायचा आणि घाट दिवसा. नागपूर मध्यावर असल्यामुळे आपल्याला हे इतरांपेक्षा सोपं जातं.

प्रश्न : एकाच तिकिटावर गोल फिरून परत नागपूरला येता येतं म्हणतात. ते कसं काढायचं? (मानेवाडा)

येतं. त्याला सर्क्युलर जर्नी तिकीट म्हणतात. इतकी चांगली सोय असून फार थोडे लोक ती वापरतात, याचं वाईट वाटतं. प्रवास जिथे सुरू झाला तिथेच संपला पाहिजे आणि वाटेत जास्तीत जास्त आठ मुक्काम घेता येतात.

नागपूरकरांसाठी एक सुंदर वर्तुळ असं : नागपूर, रायपूर, विशाखापट्टणम, चेन्नई, कोइम्बतूर, मंगळूर, मडगाव, पनवेल, कल्याण, नागपूर. कुठलाही मार्ग दोनदा येत नाही आणि कोकण रेल्वे आपोआप वाटेत येते. अंतर चार हजार किलोमीटरच्या आसपास. दर ४०० किलोमीटरला प्रवासाचा एक दिवस आणि दर २०० किलोमीटरला मुक्कामाचा एक दिवस धरतात. म्हणजे चार हजारांना दहा अधिक वीस, अशी तीस दिवसांची मुदत. भाडं निम्म्या-निम्म्या अंतराचे दोन प्रवास समजून लावतात. अंतर वाढेल तसा किलोमीटरमागचा दर उतरतो, म्हणून तुकड्यातुकड्यांच्या तिकिटांपेक्षा हे बरंच स्वस्त पडतं. आरक्षण शुल्क आणि सुपरफास्टचा अधिभार मात्र वेगळा.

मार्ग, मुक्कामाची स्टेशनं आणि वर्ग कागदावर लिहून विभागाच्या वाणिज्य व्यवस्थापकांच्या कार्यालयात न्या. तिथून मंजुरी आणि हिशेब झाला की स्टेशनवर तिकीट मिळतं, आणि मग आरक्षण खिडकीवर एकेका टप्प्याचं आरक्षण करायचं. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि लोक त्याच सुमारास कागद घेऊन निघतात. मंजुरी हातात येईपर्यंत कोकणातल्या जागा संपलेल्या असतात. अडीच महिने आधी कामाला लागा. राजधानी, वंदे भारत यांसारख्या गाड्या या आखणीत धरू नका.

अराकू आणि उटी या वर्तुळाबाहेरच्या फांद्या आहेत, त्यांची तिकिटं स्वतंत्र काढा. अराकूची घाटातली गाडी विशाखापट्टणमहून सकाळी लवकर सुटते, तेव्हा आदल्या रात्री तिथे मुक्काम हवाच. उटीचं तसंच : मेट्टुपालयमहून गाडी सकाळी सातच्या सुमारास निघते. कल्लार ते कुन्नूर हा १:१२ चढ ती रुळांमधल्या दातेरी पट्टीच्या आधाराने चढते. ऑक्टोबर ते डिसेंबर तिथे परतीच्या पावसाचा जोर असतो. दरड कोसळली की हाच भाग बंद पडतो. हाताशी एक दिवस मोकळा ठेवा.

प्रश्न : खिडकी नक्की मिळावी म्हणून कोणती सीट मागायची? कोकणात समुद्र कोणत्या बाजूला? (इतवारी)

स्लीपर आणि थ्री टायरमध्ये साइड लोअर मागा. ७, १५, २३, ३१, ३९ असे आठाच्या पाढ्यातून एक वजा केलेले आकडे. खिडकी अगदी खांद्याशी येते. दिवसा साइड अप्परवाल्याचाही तिथे बसायचा हक्क असतो, तेव्हा दोघं असाल तर दोन्ही साइड बर्थ घ्या. एसीची काच बाहेरून मळलेली असते आणि फोटोत डब्यातला दिवा उमटतो. मोबाइल काचेला टेकवून धरला की उमटत नाही. व्हिस्टाडोमच्या डब्यात ४४ फिरत्या खुर्च्या असतात, छतालाही काच असते. पैसे वसूल होतात, पण दिवसाच्या प्रवासात.

समुद्राच्या आशेने कोकण रेल्वेत बसू नका, रूळ बराच आतून जातो. पाहायचे ते पूल आणि खाड्या : होन्नावरजवळ शरावतीचा दोन किलोमीटरचा पूल, रत्नागिरीजवळ पानवलचा ६४ मीटर उंच पूल. मडगावहून मांडवी एक्स्प्रेस सकाळी निघते. मुंबईहून मडगावकडे जाणार असाल तर ध्यानात ठेवा : नागपूरच्या रात्रीच्या गाड्या पोचेपर्यंत पहाटेची जनशताब्दी सुटलेली असते.

प्रश्न : पहिली गाडी लेट झाली आणि पुढची चुकली तर? (प्रतापनगर)

दोन्ही तिकिटं स्वतंत्र असतील तर आरक्षण करतानाच दोन्ही पीएनआर जोडून घ्या. प्रवाशांची नावं दोन्हीकडे सारखीच हवीत. मग पहिल्या गाडीच्या उशिरामुळे चुकलेल्या टप्प्याचे पैसे रद्द-शुल्क न कापता मागता येतात. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या धुक्याने तासन् तास रखडतात. जीटी किंवा तामिळनाडू एक्स्प्रेसने चेन्नईला जाऊन पुढची गाडी धरायची असेल, तर मध्ये एक रात्र सोडा.

प्रश्न : आईबाबांना एका दिवसात दाखवण्यासारखं जवळ काही? (सावनेर)

दोन मार्ग आहेत. इटारसी मार्गावर बैतूल ओलांडल्यावर मरामझिरी ते धाराखोह हा सातपुड्याचा घाट लागतो. घोडाडोंगरीला उतरून परत फिरा. येताना चढ असतो, मालगाड्यांना मागून जोर लावणारी इंजिनं दिसतात. किंवा तुमच्या सावनेरवरूनच छिंदवाडा. रामाकोनाच्या पुढे भिमालगोंदीचा घाट आहे आणि ऑगस्ट-सप्टेंबरात तो हिरवागार असतो. परतीची गाडी आधी ठरवा, जाण्याची नंतर.