उत्तर : 'लुफ्तवाफ' लायका आणि तिच्या पट्टीवरची पुसट अक्षरे

तुम्ही फोटोसह केलेले वर्णन थोडक्यात असे : सोनेरी मुलाम्याचा कॅमेरा, वर 'लायका' (प्रसिद्ध जर्मन कॅमेऱ्याचे नाव) आणि गरुडाचे चिन्ह, 'लुफ्तवाफन-आयगेनटुम' म्हणजे जर्मन हवाई दलाची मालमत्ता असा मजकूर, पुढे 'एल्मार' (लायकाच्या लेन्सचे नाव) लिहिलेली ५० मिमी एफ ३.५ ची आत सरकणारी लेन्स. शिवाय वरच्या धातूच्या पट्टीवर, अ‍ॅक्सेसरी शूजवळ (जोडसाहित्य बसवायच्या खाचेजवळ) तिरक्या उजेडात एक पुसट चौकोनासारखी खूण. ही युद्धकाळातली दुर्मीळ आवृत्ती का, हा प्रश्न.

ही लायका नाही. सोव्हिएत कॅमेऱ्यावरची मूळ अक्षरे घासून नवी कोरलेली आहेत. तरीही ती पुसट खूण सोडू नका, त्याबद्दल पुढे लिहितो.

कोरीव मजकूर कोणीही कोरू शकतो, म्हणून निकाल आतल्या यंत्रणेवर लावायचा. लेन्स आटे उलट फिरवून काढा. माउंटच्या (लेन्स बसते त्या कड्याच्या) आत वरच्या बाजूला रेंजफाइंडरची, म्हणजे अंतर मोजणाऱ्या यंत्रणेची, दांडी दिसेल. लेन्स फोकस करताना तीच मागेपुढे होते. लायकात दांडीच्या टोकाला स्वतःभोवती फिरणारी छोटी गोल चकती असते. फेड आणि झॉर्की या लायका दोनच्या सोव्हिएत नकलांत ते टोक अखंड धातूचे, पाचरीच्या आकाराचे असते आणि फिरत नाही. बोटाने हलकेच चाचपून पाहा. बनावट करणारे मुलामा देतात, कातडे बदलतात, पण या दांडीच्या वाटेला सहसा जात नाहीत.

त्यानंतर लेन्स. छिद्र सर्वांत लहान करा आणि समोरून पाहा. खऱ्या एल्मारमध्ये छिद्र लहानमोठे करणारी पाती पहिल्या भिंगाच्या लगेच मागे असतात. सोव्हिएत इंडुस्टार लेन्सची रचना टेसार या जर्मन लेन्ससारखी, त्यामुळे पाती दुसऱ्या भिंगाच्या मागे, जरा खोल दिसतात. मात्र दोन्हींचे माउंट ३९ मिमीचे आहे, लेन्स अदलाबदल होतात. सोव्हिएत बॉडीवर अस्सल एल्मार असू शकते आणि याच्या उलटही. लेन्सवरून बॉडीचा निर्णय करू नका.

शटरच्या वेगाच्या तबकडीवर २५, ५०, १००, २५०, ५०० हे आकडे (सेकंदाचा कितवा भाग ते) असतील तर वादच नाही. लायका दोनवर २५० कधीच नव्हता. मात्र २०, ३०, ४०, ६०, १००, २००, ५०० ही जुनी मालिका दोन्हीकडे सापडते, तिच्यावरून काही ठरत नाही.

आता तुमच्या मजकुरातलाच विरोध पाहा. हवाई दलाची खूण असलेल्या अस्सल लायका बहुतेक तीन-सी प्रकारच्या आहेत. हे मॉडेल १९४० चे. त्याच्या पुढच्या बाजूला मंद वेगांची वेगळी तबकडी असते आणि मागे व्ह्यूफाइंडर व रेंजफाइंडरची खिडकी एकमेकींना लागून असतात. तुमच्या फोटोत ती तबकडी नाही आणि खिडक्यांत चांगले अंतर आहे. बॉडी १९३२ च्या लायका दोनच्या घडणीची आणि खूण तीन-सीच्या काळातली, हा मेळ बसत नाही. सोनेरी रंगाचेही तसेच : १९२९ पासून निघालेल्या लायका लक्सस या जवळजवळ सगळ्या लायका एकवर होत्या आणि त्यांत जोडलेला रेंजफाइंडर नव्हता. (असेच 'ऑलिम्पियाडा बर्लिन १९३६' कोरलेले कॅमेरेही फिरतात. 'ऑलिम्पियाडा' हा शब्दच जर्मन नाही, जर्मनमध्ये 'ऑलिम्पियाडे' म्हणतात.)

आता ती पुसट खूण. फेड हे कॅमेरे युक्रेनमधल्या खारकिव्हच्या झेर्झिन्स्की कम्यूनमध्ये (बेघर मुलांच्या वसाहतीत) १९३४ पासून बनले. युद्धानंतर मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याने १९४८ मध्ये तोच कॅमेरा बनवायला घेतला आणि नंतर त्याला 'झॉर्की' नाव दिले. क्रास्नोगोर्स्कची निशाणी म्हणजे समलंब चौकोनी प्रिझम आणि त्यातून आरपार जाणारा किरण. तुम्हाला दिसणाऱ्या चौकोनाच्या दोन बाजू तिरक्या असतील आणि मधून किरणाचा बाण गेला असेल, तर तुमची बॉडी क्रास्नोगोर्स्कची आहे.

निशाणीशेजारी 'झॉर्की' हा एकच शब्द असेल तर तो नेहमीचा झॉर्की, भरपूर संख्येने बनलेला. पण 'फेड' आणि 'झॉर्की' ही दोन्ही नावे दिसली, तर तो १९४८-४९ मधला मधल्या टप्प्यातला फेड-झॉर्की. खरी वेगळी आवृत्ती हीच, आणि तिची अक्षरे खोट्या गरुडासाठी घासली गेली असतील तर ते फार वाईट झाले.

म्हणून पट्टीला पॉलिश, सँडपेपर, आम्ल काहीही लावू नका. उरलेल्या खाचा केसाएवढ्या उथळ असतात, एकदा घासल्या की पुरावा कायमचा गेला. खोली अंधारी करा, टॉर्च पट्टीला जवळजवळ समांतर धरा आणि कॅमेरा हळूहळू फिरवत चार दिशांनी फोटो घ्या. प्रकाशाच्या दिशेने जाणाऱ्या रेषेची सावली पडत नाही, त्यामुळे एका फोटोत अर्धी अक्षरे हमखास गायब असतात. चारही फोटो आणि दांडीच्या टोकाचा एक जवळून घेतलेला फोटो टाका, नावे एक की दोन ते त्यावरून पाहता येईल.