नागपूरच्या एम्प्रेस मिलमधल्या आजोबांचं आयुष्य लिहायचंय, त्या काळाचा इतिहास कसा जोडू?

१९५६ पासून सुरू करा. १४ ऑक्टोबरला डॉ. आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. पुढे १ नोव्हेंबरला, तोवर मध्य प्रदेशाची राजधानी असलेलं हे शहर द्विभाषिक मुंबई राज्यात गेलं. तीन आठवड्यांत एवढी उलथापालथ! आजोबा तेव्हा कुठल्या पाळीत होते? दीक्षेला कोण गेलं? घरातल्या तसबिरी बदलल्या का? हे मोठ्यांना आत्ताच विचारा, उशीर करू नका. मिल १८७७ ची, जमशेदजी टाटांची, एवढं एका ओळीत पुरे. आजी असतील तर त्यांच्याजवळ निवांत बसा. पगाराच्या दिवशी घरात काय यायचं, ते त्याच नेमकं सांगतील.