रूळ रेल्वेचे, मग तपासणारा कोणाचा?

प्रश्न : खारकोपर–उरण लोकल 12 जानेवारी 2024 ला सुरू झाली. त्याआधी ‘सुरक्षा आयुक्तांची तपासणी व्हायची आहे’ असं बरंच ऐकलं. गाडी रेल्वेची, रूळ रेल्वेचे, तपासणाराही रेल्वेचाच. मग हा नुसता सोपस्कारच ना? – एक वाचक, उलवे

उत्तर : तपासणारा रेल्वेचा नाही, इथेच तुमची गल्लत होतेय. रेल्वे सुरक्षा आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे येतात. हो, विमानवाल्या! गाड्या चालवणाऱ्यानंच त्यांना पास करू नये, म्हणून 1941 साली ही तपासणी रेल्वे बोर्डापासून तोडली. मुख्य आयुक्त लखनौला बसतात, मुंबईतलं कार्यालय चर्चगेटला आहे. माणसं मात्र बहुतेक रेल्वेतूनच तिकडे गेलेली असतात. रूळ कळणारा माणूस दुसरीकडून आणणार कुठून?

मी लाइनीवर 31 वर्षं काढली, शेवटी पीडब्ल्यूआय, म्हणजे रुळांची देखभाल बघणारा निरीक्षक होतो. ‘सीआरएस (म्हणजे हेच सुरक्षा आयुक्त) येतोय’ म्हटलं की रूळ दुरुस्त करणाऱ्या आमच्या गँगला दिवस-रात्र एक व्हायचे. साहेब मोटर ट्रॉलीवरून येणार, पुलाशी उतरणार, वळणावर पट्टी लावून मापं घेणार. एका नव्या लाइनीवर त्यांनी सांध्याच्या, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या सरकत्या रुळाच्या फटीत पाच मिलिमीटर जाडीचा तुकडा धरायला लावला आणि सिग्नलच्या केबिनला सांधा फिरवायला सांगितलं. मध्ये एवढा अडथळा असताना सांधा लॉक व्हायलाच नको. आमचा झाला. साहेब चकार शब्द बोलले नाहीत, वहीत एक ओळ खरडली. सिग्नलवाल्यांनी तो सांधा दुरुस्त करून पुन्हा दाखवेपर्यंत मंजुरी अडली. तुमच्या भाषेत सोपस्कार!

1989 च्या रेल्वे कायद्याप्रमाणे अशा तपासणीशिवाय नव्या मार्गावर प्रवासी गाडी नेता येत नाही. मेट्रोचा कायदा वेगळा, 2002 चा. पण तिथेही आयुक्त पाहून गेल्याशिवाय फाटक उघडत नाही.

मात्र मार्ग सुरू झाल्यावर रोजची राखण रेल्वेचीच. आपल्या हद्दीतला रूळ हातोडा-पाना घेऊन रोज चालत बघतो तो की-मॅन. आयुक्त पुन्हा येतात ते मुख्यतः मोठा अपघात झाला की. बालासोरच्या (2 जून 2023) अपघाताची चौकशी त्यांनीच केली आणि सिग्नलच्या वायरिंगमधल्या चुकांवर बोट ठेवलं. त्यांच्या शिफारशी रेल्वेवर बंधनकारक नाहीत, हे मला कायम खटकत आलंय. आणि रूळ ओलांडताना स्वतःच्या चुकीनं जीव गेला, तर ते प्रकरण या चौकशीत येतच नाही. आपल्या मुंबईत तर असं मरण नेहमीचं.

चौकशीआधी पेपरात नोटीस येते : ज्यांना अपघाताबद्दल काही माहीत असेल त्यांनी अमुक दिवशी येऊन सांगावं. कोणीही जाऊ शकतं. जातात मात्र मोजकेच, कारण ‘आपल्याला काय कळतंय त्यातलं?’ कळायला काही नको. कितव्या डब्यात होतात, आधी धक्का बसला की आधी आवाज आला, एवढं आठवत असलं तरी जा.