‘पार्स करणे’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे : पायथन या प्रोग्रामिंग भाषेत वेब एपीआयकडून (दुसऱ्या संगणकाकडून माहिती मागवण्याची सोय) आलेला जेसन (माहिती मजकुराच्या रूपात लिहिण्याची एक पद्धत) ‘पार्स’ करतात. मराठी टिपणात याला ‘विश्लेषण करणे’ म्हटले तर चालेल का?

माझ्या मते नको. विश्लेषण हे नंतरचे काम. वर्षभराच्या तापमानाची सरासरी काढून कोणता महिना तापला ते पाहणे, हे विश्लेषण. पार्स करताना फक्त कोणता तुकडा काय आहे एवढेच ओळखायचे असते.

मूळ शब्द लॅटिन, ‘पार्स’ म्हणजे भाग. लॅटिन शिकवताना विचारत, हा शब्द वाक्याचा कोणता ‘पार्स’, म्हणजे नाम की क्रियापद? आणि हा स्वाध्याय तर आपण सगळ्यांनी केलाय! ‘अधोरेखित शब्दांचे व्याकरण चालवा.’ रामाने : विशेषनाम, पुल्लिंगी, एकवचनी, तृतीया. पुस्तकी नाव पदपरिस्फोट, पण ‘व्याकरण चालवणे’ किती जिवंत आहे! पार्सचा नेमका अर्थ आपल्याकडे आधीपासून होता, याचा मला फार आनंद वाटतो.

आता एपीआयचे उत्तर पाहा :

{"गाव": "सातारा", "तापमान": 31, "पाऊस": false}

हाती येते तेव्हा ही अक्षरांची एक सलग माळ असते. तिच्याकडे ‘तापमान’ मागता येत नाही. पार्सर, म्हणजे पार्स करणारा प्रोग्राम, तिचे व्याकरण चालवतो : महिरपी कंस, म्हणजे डिक्शनरी (नाव आणि त्याची किंमत अशा जोड्यांचा संच), अवतरणात आहे, म्हणजे स्ट्रिंग (नुसता मजकूर), अवतरणाशिवाय अंक, म्हणजे संख्या. मग कुठे ‘तापमान’ विचारल्यावर ३१ मिळतात, आणि त्यांत १ मिळवताही येतो.

तरी दर ओळीला ‘जेसनचे व्याकरण चालवले’ लिहिणे जड होईल. संकल्पना समजावताना ते एकदा जरूर सांगा. पुढे ‘उलगडणे’ वापरा. त्याला जोडीही छान मिळते. पायथनचे ‘डम्प्स’ हे फंक्शन डिक्शनरीची घडी घालून जेसन मजकूर करते, ‘लोड्स’ ती घडी उलगडते. (यातला शेवटचा ‘एस’ अनेकवचनाचा नाही, स्ट्रिंगचा आहे. फाइलमधून वाचायचे तर नुसते ‘लोड’.) सर्व्हरने जेसनऐवजी एखादे एचटीएमएल पान (साधे वेबपान) पाठवले, तर जेसनडीकोडएरर, म्हणजे जेसन वाचता न आल्याची त्रुटी, येतो. तिथे ‘उत्तर उलगडता आले नाही’ हे वाचणाऱ्याला लगेच कळते. ‘विश्लेषण अयशस्वी’ वाचून त्याला आपले गणितच चुकले असे वाटेल.

मराठी टिपणात एक गोष्ट मात्र आवर्जून नोंदवा. जेसनच्या व्याकरणात संख्या फक्त इंग्रजी अंकांतच लिहिता येते. अवतरणाशिवाय ४५ लिहिले, तर घडी उलगडणारच नाही. अवतरणात "४५" चालते, पण ती स्ट्रिंग म्हणून येते. तीच पायथनच्या ‘इंट’कडे (मजकुरातून पूर्णांक बनवणारा) दिली, की तो देवनागरी अंक बिनचूक वाचतो आणि पंचेचाळीस ही संख्या हातात ठेवतो.