स्थानकांच्या क्रमाने चालणारी फिल्म

प्रिय विद्यार्थिमित्रा,
सप्रेम आशीर्वाद.

मांडवी एक्सप्रेसने मुंबईहून मडगावला जाताना, डब्यात भेटतील त्या अनोळखी प्रवाशांना पात्रे करून, लिखित संवादांशिवाय एक छोटी फिल्म करण्याचा तुझा बेत कळला. बेत मला आवडला. ‘गाडीत बसल्यावर काय ते सुचेल’ हे तुझे वाक्य मात्र आवडले नाही. संवाद आयत्या वेळी सुचले तरी चालतात, पण कथेची चौकट आधी पक्की असावी लागते. तुझी गाडी ज्या सिंधुदुर्गातून जाणार आहे, तिथल्या दशावतारी नाटकांकडे पाहा. त्यांना लिखित संहिता नसते. कोणते आख्यान लावायचे, कोणी कोणती भूमिका करायची आणि कथा कोणत्या टप्प्यांनी न्यायची, एवढे ठरवून नट चेहरा रंगवायला बसतात आणि पुढचे बोलणे प्रेक्षकांसमोर घडत जाते. ते घडू शकते, कारण आख्यान सर्वांच्या अंगात मुरलेले असते. तुझ्या सहप्रवाशांना तुझी कथा ठाऊक नसणार, म्हणून ती दोन वाक्यांत सांगून संपेल इतकी साधी ठेव.

पहिली खरी अडचण अशी की तुझी पात्रे तुझ्या सोयीने उतरणार नाहीत. कोणी खेडला उतरेल, कोणी चिपळूणला, आणि ज्याचे काम उत्तम जमले आहे तो गृहस्थ नेमका रत्नागिरीला पिशव्या उचलून निघून जाईल. यासाठी नायक शोधत बसू नकोस. कथेचा धागा एखाद्या वस्तूच्या हाती दे. समज, तुझ्याच घरातला एक जुना ग्रुप फोटो, ज्यातली एक व्यक्ती कोणालाच ओळखता येत नाही. उतरणाऱ्याने तो पुढच्याच्या हाती द्यायचा आणि प्रत्येकाने त्या अनोळखी चेहऱ्याविषयी काहीतरी खात्रीने सांगायचे. मग माणसाचे उतरणे हा अडथळा न राहता प्रसंगाचा शेवट होतो, आणि स्थानकांचा क्रम हीच तुझी पटकथा होते. बेवारस बॅग किंवा पार्सल ही कल्पना मात्र मनातही आणू नकोस. डब्यातली बेवारस वस्तू पाहून लोक घाबरतात आणि सुरक्षा दलाला बोलावतात, ते योग्यही आहे.

सहभागी होणाऱ्याला संवाद सांगू नकोस आणि ‘अभिनय करा’ असेही म्हणू नकोस. त्याला एक हेतू दे आणि शेजाऱ्यापासून लपवायची एक गोष्ट दे: फोटोतल्या या माणसाला तुम्ही ओळखता, पण ते कबूल करायचे नाही. नियम एकच सांग, की आधीच्याने सांगितलेली हकिगत खोटी ठरवायची नाही, तिच्यात भर घालायची. हातांना काम असू दे; शेंगा सोलणारा किंवा पिशवीची गाठ सोडवणारा माणूस कॅमेऱ्याकडे कमी पाहतो. एकाच प्रसंगाचे तिसऱ्यांदा चित्रण करू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण तोवर नवख्या माणसाला आपले बोलणे पाठ झालेले असते आणि तो ते म्हणून दाखवू लागतो.

आता डब्याकडे वळू. वातानुकूलित डब्यात शांतता अधिक असली तरी काचा बंद आणि गडद असतात. तुझ्या कामाला स्लीपर बरा. तिथे समोरासमोरचे सहा आणि साइडचे दोन असे आठ बर्थ एका कप्प्यात येतात. साइड लोअरवरून कप्प्याकडे कॅमेरा धरलास तर समोरच्या खिडकीच्या उजेडाने चेहरे काळे पडतील. खिडकीशी बसून आत पाहिलेस तर तोच उजेड चेहऱ्यांवर येईल. गाडी दक्षिणेकडे जाते, म्हणून सकाळचे ऊन साधारणपणे डाव्या बाजूने आणि दुपारनंतरचे उजव्या बाजूने येते. जागा त्याप्रमाणे बदलावी लागेल. फोनचा फोकस आणि एक्सपोजर (कॅमेऱ्यात घेतल्या जाणाऱ्या उजेडाचे प्रमाण) लॉक कर, नाहीतर बाहेर झाडी येताच चित्र आपोआप उजळेल आणि मोकळे आकाश येताच काळवंडेल. फ्रेम रेट सेकंदाला 25 चित्रे आणि शटर 1/50 सेकंद ठेवलेस तर डब्यातल्या दिव्यांची लुकलुक बहुधा त्रास देणार नाही. गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारा दांडा, घरीच राहू दे. गाडी हलते हे प्रेक्षकाला माहीत असते आणि ते दिसलेलेच चांगले.

चित्राहून मला ध्वनीची काळजी अधिक वाटते, कारण हौशी फिल्म बहुतेक वेळा तिथेच कोसळते. बोलणाऱ्याच्या छातीशी कॉलर माइक लाव, तो दुसऱ्या फोनला जोड आणि प्रत्येक चित्रणाच्या आरंभी एक टाळी वाजव, म्हणजे नंतर चित्र आणि आवाज यांची जुळणी सोपी होईल. कोकण रेल्वेचा बराचसा मार्ग अजून एकेरी आहे, त्यामुळे एखाद्या लहान स्थानकावर गाडी क्रॉसिंगला, म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी, थांबते आणि सगळे प्रवासी वैतागतात. तू वैतागू नकोस, महत्त्वाचा संवाद त्याच शांततेत घे. धावत्या गाडीचा, थांबलेल्या गाडीचा आणि बोगद्यातला आवाज, प्रत्येकी किमान एक मिनिट, कोणीही बोलत नसताना वेगळा नोंदव. संकलनात हे आवाज संवादांखाली सलग पसरलेस की तुकड्यांचे सांधे ऐकू येणार नाहीत.

बोगद्यांचा उपयोग तर करच. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा सुमारे 6.5 किलोमीटर लांबीचा आहे. गाडी तो पार करेपर्यंत काही मिनिटे जातात आणि आवाजापुढे बोलणे आपोआप थांबते. तिथे संवादाविना फोटो एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ दे. छोटे बोगदे एका प्रसंगातून दुसऱ्यात जाण्यासाठी वापर.

परवानगीबाबत हयगय नको. रेल्वेच्या हद्दीतल्या चित्रीकरणासाठी प्रशासनाची पूर्वपरवानगी लागते. रोह्यापर्यंतचा मार्ग मध्य रेल्वेचा आणि पुढचा कोकण रेल्वेचा, म्हणून दोन्हीकडच्या जनसंपर्क विभागांत चौकशी कर. कथेच्या ओघात कोणी साखळी ओढायचे सुचवील किंवा दाराच्या पायरीवर उभे राहायला तयार होईल. दोन्ही गोष्टी 1989 च्या रेल्वे कायद्याने गुन्हा आहेत, आणि शिवाय पायरीवरून माणूस पडतो.

त्याहून मोठी परवानगी माणसांची. आधी फोन खिशात ठेवून बोल, फिल्म कुठे दाखवणार ते सांग, आणि होकार मिळाला की तो चित्रित करून ठेव. लहान मूल असेल तर पालकांचा होकार घे. झोपलेल्याला किंवा जेवणाऱ्याला गुपचूप टिपू नकोस. चहा-कटलेट विकणाऱ्यांना फ्रेममध्ये आणायचे असेल तर त्यांनाही विचार, आणि त्यांचा धंद्याचा वेळ खाऊ नकोस. लोकांना चिडवून त्यांची प्रतिक्रिया पकडण्याचा जो प्रकार हल्ली चालतो, त्याला मी फिल्म मानत नाही. उतरणाऱ्याचा नंबर मागण्यापेक्षा आपला नंबर चिठ्ठीवर लिहून दे. कोणाला नंतर नको वाटले तर त्याला कळवता आले पाहिजे. फिल्मचे पहिले संकलन झाले की ज्यांनी संपर्क केला त्यांना ते पाठव, आठवडाभर थांब, आणि कोणी ‘मला काढा’ म्हटले तर त्याचा भाग कितीही चांगला असला तरी काढून टाक.

फोटोवरची दोन वाक्यांची कथा आणि परवानगीच्या अर्जाचा मसुदा मला पाठव. तिकीट त्यानंतर काढ.

तुझा हितचिंतक